असे साल आले, तर तुम्ही काय कराल?

वाचकहो, वैशाखाची दुपार मोठी असते. गहू, हरभरा घरात येऊन पडलेला असतो, पऱ्हाट्या-तुराट्यांच्या गंजी रचून झालेल्या असतात. वखरणीचे काम सकाळीच उरकायचे, कारण दहा वाजल्यानंतर शेतात पाऊल ठेववत नाही. मुलांना सुट्या लागलेल्या असतात, लेकी माहेरपणाला आलेल्या असतात. ओसरीवर माणसे भरपूर, पण बोलणे कमी. एक जण मोबाईलमध्ये डोके घालून, दुसरा पत्त्यांच्या डावात, तिसरा आडवा झालेला. अशा दुपारी साऱ्या घराला एकत्र बसवील असा एक खेळ आज तुम्हांला सांगायचा आहे. त्याला पैसा लागत नाही. एक ल्यूडोचा फासा, मूठभर चिंचोके आणि पाच चिठ्ठ्या एवढे पुरे.

पण आधी एक गोष्ट आठवा. आपल्या जिल्ह्यात अक्षय्य तृतीया आली की सगळ्यांचे कान जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळकडे लागतात. संध्याकाळी शेतात घट मांडतात, गोलाकार अठरा धान्ये ठेवतात, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मांडणीत काय हलले, काय तसेच राहिले, ते पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. शेकडो वर्षांची ही चाल. ज्याचा विश्वास आहे तो हात जोडून ऐकतो, ज्याचा नाही तोही जाता जाता विचारतोच, 'काय निघालं यंदा?' कारण प्रश्न आपल्या सगळ्यांच्या पोटातला आहे : साल कसे जाईल?

मी सांगतो तो खेळ दुसरा प्रश्न विचारतो. साल कसे जाईल ते जावो. असे साल आले, तर तुम्ही काय कराल? एवढा एकच प्रश्न फिरून फिरून विचारायचा, आणि आलेल्या उत्तराला मान द्यायचा. खेळ म्हणतात तो एवढाच.

खेळ आहे तरी कसला?

एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो : अमुक गाव, अमुक महिना, अमुक अडचण. बाकीचे चार-पाच जण एकेक सोंग घेतात. कोणी पाटलीण, कोणी गवळण, कोणी मजूर. प्रत्येकाने त्या माणसासारखे बोलायचे, त्या माणसाच्या जागी बसून ठरवायचे. जे नक्की होणार ते सूत्रधार सांगतो. जे होईल की नाही याची शंका आहे, ते फाशावर सोपवायचे. हरणे-जिंकणे नाही. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचायची, एवढेच.

तुम्ही म्हणाल, हे काय नवे? खरेच फारसे नवे नाही. भातुकलीत पोरी सासू-सून होतात, ते हेच. राजा-प्रधान-चोर-शिपायाच्या चिठ्ठ्या आपण सगळ्यांनी काढल्या आहेत. दंडारीत आपल्याच गल्लीतला पोरगा लुगडे नेसून उभा राहतो आणि बोलू लागला की घटकाभर आपण त्याला विसरतो. सोंग घेणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. फक्त दंडारीत पुढे काय होणार ते आधीच ठरलेले असते, या खेळात ते कोणालाच ठाऊक नसते. सूत्रधारालाही नाही.

परदेशात या खेळाला मोठे रूप आले, त्याचीही कथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत काही मंडळी टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाईचे डाव खेळत. १९६९ साली मिनेसोटा राज्यातल्या डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने एक वेगळाच डाव मांडला. लढाई तोंडावर आलेले एक गाव कल्पिले आणि खेळायला आलेल्यांना त्या गावातली एकेक माणसे वाटून दिली. अपेक्षेपेक्षा जास्त माणसे आली, सगळी एकाच वेळी बोलू लागली, कोणाचा मेळ कोणाला लागेना. वेस्लीला वाटले, सगळा विचका झाला. पण खेळलेली माणसे पुन्हा येऊन विचारू लागली, 'परत कधी?' त्यांच्यातलाच डेव्ह अर्नसन याने पुढे आपला स्वतःचा डाव सुरू केला, आणि १९७४ साली त्याने व गॅरी गायगॅक्स याने मिळून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाने हा खेळ छापला. पहिल्या छपाईत अवघ्या १,००० प्रती निघाल्या. आज तो जगभर खेळतात. त्यांच्या खेळात भुयारे असतात, राक्षस असतात, अजगर असतात. आपल्याला राक्षस शोधायला जायला नको. आपला मे महिना पुरेसा आहे.

ही कथा सांगितली ती एवढ्यासाठी की पहिला डाव फसला म्हणून खचून जाऊ नका. माझाही फसला होता.

मी केलेली चूक

एका उन्हाळ्यात पुतण्याकडून या खेळाची माहिती मिळाली. मी वहीत सगळे नियम उतरवले. सोंगे किती, फासा कधी टाकायचा, कोणाजवळ किती पैसे, किती गुरे, सगळे. जेवणे झाल्यावर घरच्यांना ओसरीवर बसवले आणि नियम सांगायला लागलो. अर्धा तास सांगत होतो. थोरला भाऊ भिंतीला टेकून पेंगायला लागला. वहिनी म्हणाल्या, 'विरजण लावायचं राह्यलं,' आणि उठल्या त्या आल्याच नाहीत. शेवटी माय म्हणाली, 'बाप्पा, मले हे नाही समजत. तू आधी खेळ, मंग मी पायते.' तिथेच वही मिटली.

दोन दिवस विचार केला तेव्हा चूक ध्यानात आली. नव्या माणसाला नियम शिकवून खेळ येत नाही. सून घरात आली की आपण तिला घराच्या रीतींची यादी वाचून दाखवतो का? ती चुलीपाशी बसते आणि करता करता शिकते. पोहणे काठावर सांगून येत नाही. तसेच हे. नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत दोनच गोष्टी कळायला हव्यात : मी कोण आहे, आणि माझ्यापुढे अडचण काय आहे. बाकीचे नियम ज्या घडीला लागतील त्या घडीला सांगावेत.

दुसऱ्या वेळी मी वही आणलीच नाही. मायपुढे बसलो आणि म्हटले, 'माय, तू गवळण आहे. तुझ्या चार म्हशी आहेत. विहिरीचं पानी तळाला गेलं, अन् मोटरवाला म्हणतो आज पानी नाही. आता तू काय करशील?' मायने क्षणाचा विलंब लावला नाही. 'त्याच्या बायकोकडे जाइन,' ती म्हणाली. 'दूध तिच्याच घरी जाते नं माह्यं.' सगळे हसले, आणि खेळ सुरू झाला.

मांडणी

आता तुमच्या घरी हा डाव कसा मांडायचा ते सांगतो. आकडे मीच बसवलेले आहेत, तुम्ही तुमच्या गावाप्रमाणे बदला.

गाव कल्पनेतले घ्या. खऱ्या गावाचे, खऱ्या माणसाचे नाव घेऊ नका. घाटाखालचे असाल तर विहिरीचे पाणी खारट आहे असे धरा, घाटावरचे असाल तर खडक लवकर लागतो असे धरा. पाऊस पडायला अजून चार आठवडे आहेत. गावात एकच सामाईक विहीर. एका वाटीत वीस चिंचोके ठेवा. ते विहिरीचे पाणी. एक चिंचोका म्हणजे एका घराला पिण्यापुरते आणि दारच्या गुराला आठवडाभर पुरेल एवढे पाणी. पाच घरे, चार आठवडे. प्रत्येकाने दर आठवड्याला एकेकच घेतला, तर वीस चिंचोके पावसापर्यंत बरोबर पुरतात. पण तसे कोणाचेच भागत नाही, खेळ तिथेच आहे.

पाच चिठ्ठ्यांवर पाच सोंगे लिहा. प्रत्येक चिठ्ठीत तीन गोष्टी हव्यात : तुमच्यापाशी काय आहे, तुम्हांला काय हवे आहे, आणि तुमच्यापुरते एक गुपित.

पहिली, पाटलीण काकू. तिसऱ्या आठवड्यात लेकीचे लग्न, त्या आठवड्यात दोन चिंचोके जास्त लागणार. गुपित : व्याही लग्न पुढे ढकलायला तयार आहेत, पण हिलाच ते कमीपणाचे वाटते.

दुसरा, संत्र्याची कोवळी बाग असलेला तरुण. दुसऱ्या आठवड्यात दोन चिंचोके जास्त मिळाले नाहीत तर झाडे वाळतील. गुपित : बागेसाठी बायकोचे डाग मोडले आहेत, हे त्याच्या आईला ठाऊक नाही.

तिसरी, गवळण. चार म्हशी, त्यातली एक चौथ्या आठवड्यात विणार, तेव्हा एक चिंचोका जास्त लागणार. गुपित : एक म्हैस विकायला गिऱ्हाईक आलेले आहे.

चौथा, मोटरवाला. विहिरीवरची मोटर याच्या मालकीची. गुपित : याच्या शेतातल्या नव्या बोअरला थोडे पाणी लागले आहे, हे गावाला माहीत नाही.

पाचवी, मजुरी करणारी बाई. जमीन नाही, विहिरीच्या कागदावर नाव नाही, फक्त डोक्यावर घागर आहे. गुपित : नाल्यात पूर्वी झिरा होता ती जागा हिच्या सासूने हिला दाखवलेली आहे.

बेरीज करून पाहा. नुसत्या जगण्याला वीस, आणि वर लग्नाचे दोन, बागेचे दोन, म्हशीचा एक. पंचवीस हवेत, वाटीत वीस. पाचाची तूट. ही तूट कशी भरायची ते सूत्रधाराने ठरवू नये. ते खेळणाऱ्यांचे काम.

दर आठवड्याला प्रत्येकाने मनाशी ठरवून मूठ पुढे करायची, आणि सूत्रधाराने 'उघडा' म्हटले की सगळ्यांनी एकदम बोटे दाखवायची : एक, दोन की तीन. तेवढे चिंचोके वाटीतून निघतात. मग सूत्रधाराने एकेकाला विचारायचे : आता तुम्ही काय कराल?

फाशाचा नियम एकच. कोणी असे काही करू म्हणाला की ज्याचा भरवसा नाही, म्हणजे झिरा खणणे, टँकरसाठी तालुक्याला जाणे, व्याह्याला गळ घालणे, की फासा टाकायचा. एक-दोन पडले तर काम झाले नाही. तीन-चार पडले तर झाले, पण काहीतरी किंमत पडली. पाच-सहा पडले तर चांगले झाले. झिरा लागला किंवा टँकर आला तर वाटीत किती चिंचोके टाकायचे, ते सूत्रधाराने आपल्या अंदाजाने ठरवावे. दोन-तीनपेक्षा जास्त नकोत. आणि लहानसहान गोष्टींना फासा टाकू नये. घागर उचलायला फासा कशाला?

नव्या माणसाला कसे सांभाळावे

सूत्रधाराची खरी कसोटी वाटीत नसते, माणसांत असते. चार गोष्टी अनुभवाने सांगतो.

जो बोलत नाही, त्याला 'बोला ना' म्हणू नका. त्याने तो आणखी आक्रसतो. त्याला दोन वाटा दाखवा. 'मोटरवाल्याकडे जाल, की नाल्याकडे?' दोनातली एक निवडणे कोणालाही जमते, आणि दोन वेळा निवडली की तिसरी वाट तो आपली आपण सांगतो. आमच्याकडे पाणी भरायला येणाऱ्या एक आजी पहिल्या आठवड्यात नुसती मान हलवत होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मोटरवाल्याला असे काही खडसावले की तो फासा टाकायचेच विसरला.

जो फार बोलतो, त्याला गप्प करू नका, त्याच्याकडून काम घ्या. 'तुम्ही म्हणता ते बरोबर, पण हे गवळणबाईंना पटते का ते त्यांनाच विचारा.' म्हणजे बोलणे त्याच्याकडून निघून दुसऱ्याकडे जाते.

नवा खेळाडू काहीतरी भलतेच बोलला तर 'असे चालत नाही' म्हणू नका. 'चालते, पण' म्हणा. आमचा पुतण्या म्हणाला, 'मी रात्री सगळं पानी चोरतो.' मी म्हटले, 'चोर. पण मोटरीचा आवाज गावभर जातो. टाक फासा.' एकदा नकार मिळालेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही, मग तो आठ वर्षांचा असो की ऐंशी वर्षांचा.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याचे जे दुखणे, ते सोंग त्याला देऊ नका. लेकीच्या लग्नाच्या काळजीत असलेल्या बापाला पाटलीण करू नका. घरात नुकतेच दुःख झाले असेल, कर्जापायी कोणी गेले असेल, तर कर्जाचा विषय डावात आणूच नका, अंगणातल्या भुताचा डाव मांडा. सुरुवातीलाच सांगून ठेवा, कोणीही 'थांबा' म्हटले की खेळ थांबेल आणि कारण विचारले जाणार नाही. दीड तासाच्या आत डाव संपवा. आणखी खेळावेसे वाटत असतानाच उठलेले बरे.

खेळाने खरेच काही होते का?

हा प्रश्न शेतकरी माणूस विचारणारच, आणि विचारावाही. त्याचे उत्तर आंध्र प्रदेशातून आले आहे. तिथे फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी या संस्थेने आणि आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी खेडोपाडी शेतकऱ्यांना भूजलाचा खेळ खेळायला दिला. पाच-पाच जणांचे गट, पुरुषांचे वेगळे, बायांचे वेगळे. प्रत्येकाने दर फेरीला ठरवायचे, कमी पाण्याचे पीक घ्यायचे की जास्त पाण्याचे. जास्त पाण्याच्या पिकाला पैसा जास्त, पण जमिनीखालचे पाणी तर सगळ्यांचे एकच. आधीच्या फेऱ्या मुकाट्याने खेळायच्या, नंतरच्या आपसात बोलून.

२०१६ साली त्याचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा एक गोष्ट अनपेक्षित निघाली. आपसात बोलू दिले म्हणून खेळातले पाणी फारसे जास्त वाचले नाही. म्हणजे हा खेळ म्हणजे जादूची कांडी नव्हे. पण २०१८ साली पुढचा अभ्यास आला, त्यात दिसले की ज्या गावांत हा खेळ खेळला आणि मग त्यावर गावाने बसून चर्चा केली, त्या गावांनी पाण्याची नोंदवही ठेवण्याचे आणि पाणी वापराचे नियम करण्याचे प्रमाण इतर गावांपेक्षा जास्त होते. याचा अर्थ मी असा घेतो : खेळात पाणी वाचत नाही, खेळातून बोलायला तोंड फुटते. पाणी वाचायचे ते पुढे, खऱ्या विहिरीवर.

म्हणून डाव संपला की लगेच उठू नका. चहा होईपर्यंत बसा आणि प्रत्येकाला एवढेच विचारा, 'तुझ्या सोंगाला कधी वाईट वाटले?' उपदेश करू नका. उत्तरे ऐका.

आमच्या ओसरीवर झालेले

हे लिहावे की नाही याचा मी विचार केला. पण तुम्हांला खेळ खेळा म्हणायचे आणि आपल्या घरचे झाकून ठेवायचे, हे बरे नव्हे.

आमची विहीर दोघा भावांत सामाईक आहे. तीन दिवस दादाची पाळी, तीन दिवस माझी, सातवा दिवस मायच्या भाजीपाल्याचा. शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. पाळी आणि लाइट यांचा मेळ बसत नाही. एका उन्हाळ्यात दादाच्या तिन्ही दिवशी लाइटने दगा दिला. चौथ्या दिवशी तो विहिरीवर आला आणि म्हणाला, 'दोन तास घेऊ दे.' मी दिले नाही. तेव्हापासून आम्ही दोघे एका ओसरीवर बसायचो, पण बोलणे मायमार्फत.

त्या दुपारी चिठ्ठ्या काढल्या. दादाच्या चिठ्ठीत मजूरबाई आली. त्याच्या अकरा वर्षांच्या पोराला मोटरवाला मिळाला. मी सूत्रधार. पहिल्या आठवड्यातच मुठी उघडल्या तर अकरा चिंचोके गेले, वाटीत उरले नऊ. दुसऱ्या आठवड्याला दहा मागणारे हात. दादा घागर धरल्यासारखा एक हात डोक्याशी नेऊन पोरापुढे उभा राहिला. म्हणाला, 'मालक, एक घागर घेऊ द्या.' पोरगा छाती काढून म्हणाला, 'पाळी तुमची नाही, मंग पानी काऊन मांगता? कायदा तो कायदा.'

ओसरी एकदम गप्प झाली. ते शब्द त्या पोराचे नव्हते. ते माझे होते. त्या दिवशी विहिरीच्या काठावर मी दादाला जे बोललो होतो ते अक्षरशः तेच, त्याच ठसक्यात. पोरगा तेव्हा बांधावर बोरे वेचत होता.

मला पुढचा प्रश्न सुचेना. सूत्रधाराचीच बोलती बंद झाली. मायनेच वाटीकडे बोट केले आणि म्हणाली, 'पुढं चाल. मजूरबाई आता काय करते?' दादा थोडा थांबला. मग म्हणाला, 'मजूरबाई काय करन? तिले झिऱ्याची जागा माहीत आहे. ती एकटी खणू शकत नाही. मोटरवाल्यानं कुदळ घेऊन यावं, निघालं ते पानी अर्धंअर्धं.' पोराने माझ्याकडे पाहिले, बापाकडे पाहिले आणि फासा टाकला. चार पडले. झिरा लागला, पण कुदळ मोडली.

तरीही चौथ्या आठवड्याच्या आत आमची वाटी रिकामी झाली. पाटलीणबाईंनी लग्न काही पुढे ढकलले नाही!

दादा आणि मी त्या रात्री गळ्यात पडलो, असे काही झाले नाही. कोणी कोणाची माफीही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात शेण भरत होतो, तेव्हा दादा दारात येऊन उभा राहिला आणि वर्षानंतर थेट माझ्याशी बोलला. 'पाळी दिवसावर नको. लाइटच्या तासावर ठेवू. जेवढे तास लाइट, त्याचे अर्धे तुहे, अर्धे माहे.' मी 'बरं' म्हटले. बायकोने पंपघराच्या दारावर खडूने दोन रकाने आखले. आता पोरगा तास मांडतो. कधी कधी अजूनही कुरबूर होते. पण आता ती आकड्यांवरून होते आणि समोरासमोर होते.

एक मात्र सांगून ठेवतो. हे मी ठरवून केले नव्हते, आणि तुम्हीही ठरवून करू नका. कोणाला धडा शिकवायचा म्हणून सोंग त्याच्या गळ्यात मारले, तर त्याला ते लगेच कळते, आणि मग तो पुन्हा तुमच्या ओसरीवर बसत नाही. चिठ्ठी उचलू द्या, निघेल ते निघेल.

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी जेवणे झाली की चिंचोके मोजून वाटीत टाका. नियम सांगत बसू नका. घरात जो सर्वांत कमी बोलतो त्याच्यापुढे आधी बसा, त्याला तो कोण आहे ते सांगा, विहीर किती खोल गेली ते सांगा, आणि विचारा. मग उत्तर येईपर्यंत तुम्ही गप्प राहा. सूत्रधाराला एवढे साधले तरी पहिला डाव साधला.

तुमच्या वाटीत शेवटी किती चिंचोके उरले, ते पत्राने जरूर कळवा.